श्रवण: एक चपटा तारा

तारा म्हणजे तप्त वायूचा गोळा, ही शाळेतली व्याख्या मनात इतकी पक्की बसलेली असते की एखादा तारा गोल नसेल अशी शंकाही कोणाला येत नाही. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या सायंकाळी जवळजवळ डोक्यावर चमकणारा गरुड मंडलातील श्रवण हा पांढरा तारा मात्र त्या व्याख्येत बसत नाही. अवघ्या १६.७ प्रकाशवर्षांवरचा हा शेजारी ८ ते ९ तासांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो. सूर्याला त्यासाठी सुमारे २५ दिवस लागतात. या गरगर फिरण्यामुळे श्रवणाचा विषुववृत्तीय व्यास ध्रुवीय व्यासापेक्षा २० ते २५ टक्क्यांनी मोठा झाला आहे.

चपटेपणाहून मोठे नवल तापमानाचे आहे. श्रवणाचे ध्रुव सुमारे ८,५०० केल्विन इतके तप्त आहेत, तर विषुववृत्त सुमारे ६,९०० केल्विनवरच थांबते. असे का व्हावे, याचे गणित स्वीडिश खगोलशास्त्रज्ञ हुगो फॉन झायपेल यांनी १९२४ मध्येच मांडले होते. ताऱ्याच्या अंतरंगात समान दाबाचे आणि समान तापमानाचे थर एकावर एक रचलेले आहेत, अशी कल्पना करावी. ध्रुवापाशी गुरुत्वाकर्षण पूर्ण जोराने काम करते, त्यामुळे हे थर एकमेकांना लगटून असतात. विषुववृत्तापाशी केंद्रोत्सारी बल गुरुत्वाचा बराचसा भाग निष्प्रभ करते आणि तेच थर एकमेकांपासून दूर सरकतात. आतून बाहेर किती ऊर्जा वाहील, हे दर किलोमीटरला तापमान किती उतरते यावर ठरते. थर जवळ असतील तेथे हा उतार तीव्र, म्हणून ध्रुवावर ऊर्जेचा प्रवाह अधिक. हा प्रवाह परिणामी गुरुत्वाच्या, म्हणजे केंद्रोत्सारी बल वजा जाता उरणाऱ्या गुरुत्वाच्या, समप्रमाणात असतो आणि प्रारण तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. म्हणजेच तापमान या उरलेल्या गुरुत्वाच्या एकचतुर्थांश घाताने बदलावयास हवे. श्रवणाच्या निरीक्षणांतून निघणारा घातांक याहून थोडा कमी आहे, तरीही त्याच्या विषुववृत्तावरील एक चौरस मीटर ध्रुवावरील तेवढ्याच क्षेत्राच्या निम्म्याहूनही कमी ऊर्जा बाहेर टाकतो.

हे प्रत्यक्ष पाहणे सोपे नव्हते. मुंबईत ठेवलेले रुपयाचे नाणे कोलकात्याहून जेवढे दिसेल, साधारण तेवढाच श्रवण आपल्याला दिसतो. कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन येथील ‘चारा’ वेधशाळेच्या चार दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणून त्याच्या पृष्ठभागाचे चित्र मिळवण्यात आले आणि ते २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. ध्रुवाकडचा भाग त्यात उजळ आणि विषुववृत्ताचा पट्टा मंद दिसतो.

श्रवण नक्षत्रावर जन्मलेल्यांचे स्वभाव सांगणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे, की या नक्षत्रातील तीन तारे एकमेकांचे शेजारीही नाहीत. श्रवणाच्या एका बाजूचा तारा सुमारे ४४ प्रकाशवर्षांवर, तर दुसऱ्या बाजूचा नारिंगी राक्षसी तारा जवळजवळ ४०० प्रकाशवर्षांवर आहे. ते एका ओळीत दिसतात ते केवळ आपण येथून पाहतो म्हणून.

विषुववृत्त थंड असण्याचा आणखी एक परिणाम संभवतो. एवढ्या तप्त ताऱ्यांच्या पृष्ठभागालगत सूर्यासारखे अभिसरण, म्हणजे तप्त वायूचे वर येणे आणि थंड वायूचे खाली जाणे, सहसा फारसे नसते, त्यामुळे त्यांना चुंबकीय प्रभामंडळही, म्हणजे क्षकिरण सोडणारे बाहेरचे अतितप्त वातावरणही नसते. श्रवणाकडून मात्र ‘एक्सएमएम-न्यूटन’ या अवकाश दुर्बिणीने क्षीण क्षकिरण टिपले असून, विषुववृत्ताच्या त्या तुलनेने थंड पट्ट्यात अभिसरण होऊ शकते, हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते.