बडोदा ते लखनौ : अखिल भारतीय संगीत परिषदांची पार्श्वभूमी

मार्च १९१६ मध्ये बडोद्याला भरलेली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद मुळात मैफलींसाठी भरवलेली नव्हती. महाराजा सयाजीराव गायकवाड यांना आपल्या संस्थानातील संगीत-शिक्षणाची घडी नीट बसवायची होती आणि त्यासाठी त्यांनी पं. विष्णु नारायण भातखंडे यांचा सल्ला घेतला होता. त्या विचारविनिमयातून, देशभरचे गवई, वादक आणि संगीतशास्त्राचे अभ्यासक एका ठिकाणी बसवून रागांच्या नियमांविषयी चर्चा घडवावी, ही कल्पना आकाराला आली.

भातखंडे पेशाने वकील होते. १९०४ पासून त्यांनी दक्षिणेत आणि पुढे उत्तर व पूर्व भारतात प्रवास करून ग्रंथ पाहिले, पंडितांना प्रश्न विचारले आणि उस्तादांकडून चिजा, म्हणजे परंपरेने चालत आलेल्या बंदिशी, मिळवल्या. या भटकंतीत त्यांना एक अडचण सतत जाणवली : जुन्या संस्कृत ग्रंथांतील रागलक्षणे चालू गाण्याशी जुळत नव्हती, आणि चालू गाण्यातही एकच राग दोन घराण्यांत वेगवेगळ्या स्वरांनी गायला जात होता. १९०९ मध्ये त्यांनी ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ प्रसिद्ध केले आणि पुढच्याच वर्षापासून ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे भाग मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात येऊ लागले. पण एकट्याने ग्रंथ लिहून भागणार नव्हते. ज्यांच्या गळ्यात विद्या होती त्यांची संमतीही हवी होती.

बडोद्याच्या परिषदेत सर्वांत मोठा वाद श्रुतींवरून, म्हणजे सप्तकातील स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांवरून, झाला. कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी अधिकारी ई. क्लेमंट्स यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडून त्या श्रुती वाजवणारी खास पेटी (हार्मोनियम), म्हणजे श्रुतिपेटी, तयार करवली होती, आणि देवलांच्या प्रयोगांना उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे साहाय्य लाभले होते. तंजावरहून आलेल्या अब्राहम पंडितरांचे श्रुतिगणित आणखी निराळे, चोवीस श्रुतींचे होते. भातखंडे यांना प्राचीन श्रुतींच्या आधारे आजचे राग ठरवणे मान्य नव्हते. प्रचारातील बारा स्वर हाच रागविचाराचा पाया, अशी त्यांची भूमिका होती. आपल्या बाजूच्या आधारासाठी ते ज्यांच्या गायनाकडे पाहत, त्यांत उदयपूरचे ध्रुपदगायक झाकिरुद्दीन खाँ प्रमुख होते. माझ्या मते या परिषदांचे बळ आणि त्यांची उणीव, दोन्ही येथेच दिसतात. उस्तादांचे गाणे पुरावा म्हणून आदराने ऐकले गेले, हे त्या काळी नवे होते; परंतु त्या पुराव्यावरून निष्कर्ष काढण्याचे आणि ते छापण्याचे काम शिकलेल्या, लेखणी हाती असलेल्या मंडळींकडेच राहिले.

परिषदेजवळ कायमचा निधी नव्हता, त्यामुळे आश्रय मिळेल त्या गावी ती भरवावी लागे. दुसरी परिषद डिसेंबर १९१८ मध्ये दिल्लीला झाली आणि तिच्यामागे रामपूरचे नवाब हमीद अली खाँ यांचे पाठबळ होते. नवाब स्वतः रामपूर दरबारचे बीनकार वझीर खाँ यांचे शागीर्द असल्याने रामपूरचा शब्द गवयांत चालत असे. तिसरी परिषद १९१९ च्या अखेरीस बनारसला भरली. अखिल भारतीय स्वरूपाची एक संगीत अकादमी उभारावी हा विचार बडोद्यापासून मांडला जात होता. दिल्लीला त्याला जोर आला, पण पैशाअभावी तो तडीस गेला नाही. याच सुमारास पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनीही गांधर्व महाविद्यालयाच्या वतीने स्वतंत्र परिषदा भरवल्या. त्यांचा भर प्रसारावर आणि शिष्यवर्ग घडवण्यावर अधिक होता.

त्यानंतरच्या दोन्ही परिषदा लखनौला झाल्या. संयुक्त प्रांताचे (आजच्या उत्तर प्रदेशाचे) शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली आणि राय उमानाथ बली यांच्या पुढाकाराने तेथे अकादमीची जुनी कल्पना निराळ्या रूपात सिद्धीस गेली : १९२६ मध्ये मॅरिस कॉलेज ऑफ म्युझिक सुरू झाले आणि त्याला प्रांताचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे नाव देण्यात आले. भातखंडे यांचा अभ्यासक्रम तेथे रुजला. १९२८ मध्ये त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर प्राचार्य झाले. रातंजनकरांनी बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर आग्रा घराण्याचे गायक फैयाज खाँ यांच्याकडे तालीम घेतलेली होती, त्यामुळे पुस्तकी पद्धती आणि घराण्याची गायकी या दोहोंचा अनुभव त्यांच्या ठायी होता. १९३० नंतर अलाहाबाद व कलकत्ता येथे ज्या परिषदा नावारूपाला आल्या, त्यांत चर्चेची जागा हळूहळू श्रोत्यांसाठीच्या गायन-वादनाने घेतली.