औद्योगिक आवारातील पावसाच्या पाण्यातील तेल-प्रदूषणाचा शोध

कारखाना, ट्रक डेपो किंवा तेलाच्या टाक्यांच्या आवारात पडलेला पाऊस वाहून जाताना डिझेल, वंगणतेल, फर्नेस ऑइल, ग्रीस असे पेट्रोलियम पदार्थ सोबत नेतो. हे तेल किती, कोणत्या प्रकारचे आणि आवारातल्या नेमक्या कोणत्या जागेचे, हे ठरवण्याचा हा तपास असतो. सांडपाणी रोज ठरलेल्या नळातून बाहेर पडते. पावसाचे पाणी मात्र उतार सापडेल तिकडून जाते. त्यामुळे नमुना कधी आणि कुठे भरला, यावरच निष्कर्षाची सगळी भिस्त असते.

महाराष्ट्रात सात-आठ महिने जमीन कोरडी राहते. फोर्कलिफ्टखालचे डाग, डिझेल भरताना सांडलेले थेंब, पिंपांच्या बुडाचा ओघळ हे सगळे फरशीवर साचत जाते आणि जूनच्या पहिल्या जोरदार सरींत बरेचसे धुऊन निघते. त्याच नाल्याचे पाणी ऑगस्टच्या संततधारेत भरले, तर अहवाल अगदी स्वच्छ येऊ शकतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २०२१ च्या औद्योगिक परवान्यात यासाठी नियमच आहे: आधीच्या पावसानंतर किमान ७२ तास गेलेले असावेत आणि पाणी वाहू लागल्यापासून पहिल्या ३० मिनिटांत नमुना घ्यावा.

तपासाची सुरुवात पायी फिरून होते. हातात गटारांचा नकाशा असतो, पण जुन्या आवारात नकाशा आणि जमीन यांचा मेळ क्वचितच बसतो. म्हणून चेंबरमध्ये रंगीत पाणी ओतून ते कुठे निघते ते पाहतात. तेलटाकीभोवतीच्या बंधाऱ्याचा व्हॉल्व्ह आवर्जून तपासावा. आत साचलेले पाणी सोडण्यासाठी तो उघडतात आणि तो तसाच राहिला, तर टाकीची गळती थेट पावसाळी नाल्यात जाते.

पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला म्हणजे तेलच, असे नाही. कोकणात जांभ्या दगडातून झिरपणाऱ्या पाण्यावर लोहजीवाणूंचा पापुद्राही तसाच चमकतो. त्यात काडी फिरवावी. जीवाणूंचा पापुद्रा काचेसारखा तुकड्यांत फुटतो आणि तुकडे वेगळे राहतात, तेलाचा तवंग काडीमागे पुन्हा मिटतो. इंद्रधनुषी तवंगाची जाडी साधारण ०.३ ते ५ मायक्रोमीटर असते. एक लिटर तेल १ मायक्रोमीटर जाडीने पसरले, तर १,००० चौरस मीटर पाणी झाकले जाते. म्हणून तवंगाचा विस्तार पाहून तेलाचे प्रमाण सांगू नये.

नमुना काचेच्या, रुंद तोंडाच्या बाटलीत घेतात, कारण प्लॅस्टिकला तेल चिकटते. बाटली आधी त्याच पाण्याने विसळायची नाही, बादलीतून भरायची नाही. आम्ल घालून सामू (pH) २ च्या खाली आणतात आणि बाटली बर्फात ठेवतात. प्रयोगशाळेत बाटलीतले सगळे पाणी वापरले जाते, रिकामी बाटलीसुद्धा हेक्झेन या तेल विरघळवणाऱ्या द्रवाने धुऊन घेतात. इथे कायदा आणि रसायनशास्त्र यांची टक्कर होते. १९७४ च्या जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियमाचे कलम २१ नमुन्याचे भोगवटादारासमोर दोन भाग करून ते मोहोरबंद करायला सांगते. पण तरंगते तेल ओतताना सारखे विभागत नाही. त्यामुळे दोन भागांचे आकडे जुळले नाहीत, तर ती प्रयोगशाळेची चूक असेलच असे नाही.

भारतात भूपृष्ठावरील जलाशयांत सोडायच्या सांडपाण्यासाठी तेल व ग्रीसची सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे १० मिलिग्रॅम आहे. तेल व ग्रीसच्या चाचणीत कॅन्टीनच्या फोडणीचे तेलही मोजले जाते. सिलिका जेलने वनस्पतिजन्य व प्राणिजन्य स्निग्धांश वेगळे काढले की उरतो तो मुख्यतः पेट्रोलियमचा भाग. त्याची ओळख गॅस क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून त्यांचा आलेख काढणाऱ्या पद्धतीने पटते. ताज्या डिझेलच्या आलेखात शिखरांची एकसारखी रांग दिसते, वंगणतेलाचा रुंद उंचवटा. जीवाणू सरळ साखळीचे रेणू आधी खातात, प्रिस्टेनसारखे फांद्यांचे रेणू मागे राहतात. या दोहोंच्या गुणोत्तरावरून तेल ताजे की मुरलेले, याचा अंदाज बांधता येतो.

हे सारे किती मोठ्या प्रमाणावर घडू शकते, ते डिसेंबर २०२३ मध्ये चेन्नईत दिसले. मिचाँग चक्रीवादळाच्या पावसात मनाली औद्योगिक पट्ट्यातून तेल बकिंगहॅम कालव्यात आणि पुढे एन्नोरच्या खाडीत उतरले. तमिळनाडू प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पाहणीत चेन्नई पेट्रोलियम कॉर्पोरेशन या तेलशुद्धीकरण कंपनीच्या दक्षिण प्रवेशद्वाराजवळ साचलेल्या तेलाचा माग लागला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. तोवर झिलईदार काळा थर जाळ्यांना, होड्यांना आणि पेलिकनच्या पिसांना चिकटला होता आणि मच्छीमार मग अन् बादल्यांनी तो खाडीतून उपसत होते.