शाळा प्रारंभोत्सव (बेळगाव सीमाभाग)

शाळा प्रारंभोत्सव : उन्हाळी सुटीनंतर शाळा उघडताना विद्यार्थी, पालक आणि नव्याने रुजू झालेले शिक्षक यांचे स्वागत करण्याची कर्नाटकातील शाळांमधली पद्धत. कन्नडमधल्या ‘शाला प्रारंभोत्सव’ या सरकारी शब्दावरून बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील मराठी शाळांतही हेच नाव रुळले. सीमेपलीकडे महाराष्ट्रात त्याला प्रवेशोत्सव म्हणतात. नाव उत्सवाचे असले तरी कार्यक्रम तासाभराचाच असतो. खरे काम एप्रिलच्या निकालापासून जूनच्या मध्यापर्यंत चालते, आणि लहान गावातल्या मराठी शाळेचा पट टिकणार की घसरणार हे त्याच दोन महिन्यांत ठरते. फुगे आणि कमानीवर जेवढा खर्च होतो, त्याच्या निम्मे कष्ट घरभेटींवर घेतले तरी पटावर अधिक परिणाम दिसतो.

दोन राज्यांची दोन वेळापत्रके

कर्नाटकात अलीकडच्या वर्षांत शाळा २९ मेच्या सुमारास उघडते. पहिले एक-दोन दिवस शिक्षक तयारी करतात आणि मग मुले येतात. २०२५-२६ मध्ये पहिले सत्र २९ मे ते १९ सप्टेंबर आणि दसऱ्याच्या सुटीनंतर दुसरे सत्र ८ ऑक्टोबर ते १० एप्रिल असे होते. महाराष्ट्रात विदर्भ सोडून शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात. हा पंधरवड्याचा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, पण सीमाभागात तो हजेरीपटावर उमटतो. इथली सोयरीक चंदगड, गडहिंग्लज, कागल, कोल्हापूरकडची. मामाच्या गावची शाळा उघडलेली नसते, मामेभावंडे घरीच असतात, त्यामुळे भाचरे तिथून हलत नाहीत. पहिल्या आठवड्यात वर्ग अर्धा रिकामा दिसतो, तो बऱ्याचदा एवढ्याच कारणाने. यावर साधा उपाय आहे : एप्रिलमध्ये प्रगतिपत्रक देतानाच त्यावर शाळा उघडण्याची तारीख ठळक लिहावी आणि पालकाची सही घेताना ती तोंडीही सांगावी.

दुसरी अडचण पावसाची. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, कणकुंबी, जांबोटी, आमगाव या पट्ट्यात जूनच्या सुरुवातीलाच पावसाचा जोर वाढतो. भाताच्या धूळवाफ (पावसाआधी कोरड्या मातीतल्या) पेरणीची घाईही शाळा उघडण्याच्या सुमारासच असते. कार्यक्रम अकराला ठेवला तर पालक शेतात असतात आणि पाहुण्यांपुढे नुसती मुले बसतात. नऊच्या सुमारास, न्याहरी करून रानात जाण्याआधी बोलावले तर आई-वडील दोघेही येतात.

पटनोंदणी

कन्नडमध्ये ‘दाखलाती आंदोलन’ म्हणून ओळखली जाणारी ही मोहीम प्रारंभोत्सवाचा कणा आहे. सुरुवात अंगणवाडीपासून करावी. अंगणवाडी ताईंकडे वयानुसार मुलांची यादी असते. शिक्षकांनी केलेल्या बालगणतीशी ती ताडून पाहिली की गावात पहिलीच्या वयाची नेमकी किती मुले आहेत ते कळते. यादीत नसलेली मुले सहसा वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या टोळीबरोबर किंवा गावाबाहेरच्या धनगरवाड्यावर सापडतात. पाचवीचे आणि सातवीचे विद्यार्थीही याच यादीत घ्यावेत. कर्नाटकात कनिष्ठ प्राथमिक शाळा पाचवीपर्यंत आणि वरिष्ठ प्राथमिक बहुतेक ठिकाणी सातवीपर्यंत असते. या दोन टप्प्यांवर मूल शाळा बदलते, आणि बदलताना गळण्याचा धोका तिथेच सर्वांत मोठा.

पहिलीच्या प्रवेशासाठी १ जूनला सहा वर्षे पूर्ण असावीत, असा आदेश राज्य सरकारने २०२२ मध्ये काढला आणि तो २०२५-२६ पासून लागू व्हायचा होता. त्या वर्षी मात्र पालकांच्या मागणीवरून पाच वर्षे पाच महिन्यांपर्यंत सूट दिली गेली. नियम असा हलता असल्याने घरभेटीला जाताना त्या वर्षीचे परिपत्रक जवळ असलेले बरे. (१ जूनचे सीमाभागाशी जुने नाते आहे. जन्माची नोंद नसलेल्या मुलाला मुख्याध्यापक अंदाजाने वर्ष आणि हमखास १ जून ही तारीख देत. आजही गावातल्या साठी-सत्तरीच्या अनेकांचा ‘वाढदिवस’ शाळा उघडायच्या सुमारास येतो.)

कागदपत्रांत जन्मदाखला, मुलाचे व पालकांचे आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक आणि नाडकचेरीतून (होबळी पातळीवरच्या महसूल कार्यालयातून) मिळणारे जात व उत्पन्नाचे दाखले लागतात. यातले काही नसले म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वयाच्या पुराव्याअभावी किंवा शाळा सोडल्याचा दाखला उशिरा मिळाल्यामुळे मूल अडवू नये, असे शिक्षण हक्क कायदा स्पष्ट सांगतो. मूल आधी वर्गात बसवावे, कागद मागाहून जमवावेत. महाराष्ट्रातून आलेल्या कुटुंबाला जातीच्या दाखल्याची बाब मात्र पहिल्याच दिवशी समजावून सांगावी. तिकडचे प्रवर्ग इकडे चालत नाहीत. मराठा समाज कर्नाटकात मागासवर्गांच्या यादीतल्या ३ब प्रवर्गात मोडतो आणि दाखला इथलाच काढावा लागतो.

सर्वांत जास्त घोळ नावाचा होतो. जन्मदाखला कन्नड व इंग्रजीत, आधार कन्नड व इंग्रजीत, शाळेचे दाखल रजिस्टर मराठीत आणि सॅट्स या ऑनलाइन नोंदप्रणालीत पुन्हा वेगळे, अशी एकाच मुलाची तीन-चार नावे तयार होतात. कन्नड लिपीत ऱ्हस्व व दीर्घ ए-ओ निराळे आहेत आणि मराठीतल्या दंततालव्य (‘चमचा’, ‘जहाज’मधल्या) च-जला स्वतंत्र अक्षर नाही. नोंद एका कागदावरून दुसऱ्यावर जाताना ‘ज्योतिबा’चा ‘जोतिबा’ होतो, आडनावाच्या शेवटी कधी जादा ‘ए’ लागतो, तर कधी वडिलांचे नाव आणि आडनाव यांची अदलाबदल होते. चूक त्या दिवशी कोणाला खुपत नाही. ती शिष्यवृत्ती अडकल्यावर किंवा दहावीच्या अर्जाच्या वेळी बाहेर येते आणि तेव्हा पालकांना हेलपाटे पडतात. नोंद करताना आधारवरचे इंग्रजी स्पेलिंग अक्षरश: उतरवावे, पालकाला मोठ्याने वाचून दाखवावे आणि मगच सही घ्यावी. एका मुलामागे पाच मिनिटे जातात, ती जाऊ द्यावीत.

इमारत, पाणी, स्वयंपाकघर

दीड महिना बंद असलेल्या खोल्या आदल्या दिवशी नव्हे, निदान तीन दिवस आधी उघडाव्यात. कौलारू शाळांत वळवाच्या पावसाने सरकलेली मंगळुरी कौले आधी बसवून घ्यावीत. कपाटामागे आणि सरपणाच्या ढिगात विंचू-साप असतात, म्हणून ही साफसफाई मुलांकडून करून घेऊ नये. टाकी घासून धुऊन भरल्यावर स्वच्छ पाण्याला दर १००० लिटरमागे सुमारे २.५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर पुरते. ती आधी बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन वरचे पाणी टाकीत ओतावे आणि तासभर थांबावे. गेल्या वर्षीची उघडी पडलेली पावडर उग्र वास देते, पण तिच्यातले क्लोरीन उडून गेलेले असते.

अक्षर दासोह या माध्यान्ह भोजन योजनेचा एप्रिलमधला उरलेला तांदूळ व डाळ चाळून, उन्हात घालून मगच वापरावी. प्राथमिक वर्गांना दर मुलामागे १०० ग्रॅम धान्य व २० ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीला १५० व ३० ग्रॅम असा दर आहे. १ ऑगस्ट २०१३ पासून सुरू असलेल्या क्षीरभाग्य योजनेचे दूध १५० मिलि द्यायचे असते, त्यासाठी १८ ग्रॅम भुकटी लागते. म्हणजे १०० मुलांना १.८ किलो भुकटी आणि १५ लिटर दूध. भुकटी थेट उकळत्या पाण्यात टाकली की गुठळ्या होतात आणि तळाशी करपते. थोड्या कोमट पाण्यात ती घोटून घ्यावी, मग उरलेल्या गरम पाण्यात सोडावी. करपल्या वासाचे दूध पहिल्याच दिवशी प्यायलेले मूल पुढे महिनाभर पेला पुढे करत नाही.

पहिल्या दिवशी गोडधोडाला गव्हाची हुग्गी (खीर) किंवा शिरा करतात. हुग्गीचे गहू रात्रभर भिजवून कांडावे लागतात, म्हणून मनुष्यबळ कमी असेल तिथे शिराच सोयीचा. १०० मुलांसाठी २.५ किलो रवा, २ किलो साखर, पाऊण किलो तूप आणि ७ लिटर पाणी घेतले की प्रत्येकी वाटीभर होतो. रवा मंद आचेवर नीट न भाजता पाणी ओतले तर त्याचा चिकट गोळा होतो. मोठ्या पातेल्यात ही चूक मागाहून सुधारत नाही.

कार्यक्रम

दाराला आंब्याची डहाळी, पायरीपुढे रांगोळी, कुठे केळीचे खांब. आधी वाद्ये आणि घोषणाफलकांसह गावातून प्रभातफेरी निघते. काही गावांत पहिलीची मुले सजवलेल्या बैलगाडीतून आणतात. औक्षण करताना निरांजन वाऱ्याने विझते आणि रांग थांबते, म्हणून ते व्हरांड्यात करावे. पन्नासांहून अधिक नवी मुले असतील तर दोन तबके लागतात. भाषणे दोन पुरेत : एक शाळा सुधारणा समितीच्या अध्यक्षांचे, एक मुख्याध्यापकांचे. गटशिक्षणाधिकारी किंवा सीआरपी (शाळासमूहाचे साधन व्यक्ती) कन्नडमध्ये बोलणार असतील तर प्रत्येक मुद्द्यानंतर मराठीत सांगणारा शिक्षक शेजारी उभा असावा. नाहीतर आया-बाया न समजताच मान डोलावत बसतात आणि गणवेश किंवा बुटांची सूचना मात्र त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

पाठ्यपुस्तके त्या दिवशी हातात पडतील असे गृहीत धरू नये. मागणी आदल्या वर्षीच्या पटावर नोंदलेली असते, त्यामुळे नवे प्रवेश वाढले की पुस्तके कमी पडतात. त्यातून मराठी माध्यमाच्या प्रती मुळात थोड्या, म्हणून शेजारच्या शाळेकडूनही सहज मिळत नाहीत. यावर निकालाच्या दिवशीच जुनी पुस्तके परत घेऊन पुस्तकपेढी करणे हाच खात्रीचा मार्ग. बुटांसाठी माप घेताना मुलाला उभे करून दोन्ही पावले मोजावीत आणि मोठ्या पावलापेक्षा सेंटीमीटरभर जास्त धरावे. बसवून घेतलेल्या मापाचे बूट गणपतीपर्यंत तोकडे होतात.

नवे शिक्षक

बदलीचे कौन्सेलिंग (शिक्षकांनी नवी शाळा निवडण्याची प्रक्रिया) किंवा अतिथी शिक्षकांची नेमणूक यांमुळे नव्या वर्षात एखादा तरी चेहरा नवा असतो. मराठी शाळेत कन्नड शिकवायला येणाऱ्या शिक्षकाला मराठी येतच असेल असे नाही. २०१५ च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्याने २०१७-१८ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने कन्नड सक्तीची झाली, आणि असा शिक्षक शाळेत महत्त्वाचा ठरला. त्याला पहिल्या दिवशी नारळ-शाल देऊन भागत नाही. मुलांची नावे कन्नडमध्ये लिहिलेला हजेरीपट, वर्गात रोज लागणारी वीस-पंचवीस मराठी वाक्ये आणि पहिले पंधरा दिवस सोबत घरभेटीला येणारा एक स्थानिक सहकारी, एवढे दिले तर तो लवकर रुळतो. संविधानाच्या अनुच्छेद ३५०क ने प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली आहे. मुलाला ती सोय प्रत्यक्ष मिळते ती अशा बारीकसारीक तयारीतून.

मुख्याध्यापक नवे असतील तर सर्वांत आधी बँकेतली सही बदलावी. शाळा सुधारणा समितीचे खाते अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या संयुक्त सहीने चालते. जुने मुख्याध्यापक कार्यमुक्त झाले आणि ठराव करायचा राहिला की किरकोळ खर्चालाही पैसे निघत नाहीत. धान्यसाठा, भांडी, टॅब, किल्ल्या यांची यादी दोघांच्या समोरासमोर मोजून करावी. फोनवर केलेली मोजणी नंतर वादाला कारण होते.

सेतुबंध

उत्सवानंतर थेट नवा धडा सुरू होत नाही. आधी मूल कुठे अडले आहे ते शोधणारी नैदानिक चाचणी, मग मागच्या इयत्तेतले राहून गेलेले भाग आणि शेवटी ते जमले का हे पाहणारी साफल्य परीक्षा, असा सेतुबंध या उजळणीचा क्रम असतो. वाचन, लेखन आणि बेरीज-वजाबाकी यांत कोण कुठे अडले आहे याची विद्यार्थीनिहाय नोंद ठेवावी लागते. मामाच्या गावाहून जूनच्या मध्यावर परतलेली मुले ही चाचणी चुकवतात. त्यांची वेगळी चाचणी घेतली नाही, तर नोंदवहीत नेमके त्यांचेच रकाने कोरे राहतात.