ठाणे खाडी: फ्लेमिंगो यायच्या आधीचं काय?

ठाणे खाडी म्हटलं की हल्ली डायरेक्ट गुलाबी फ्लेमिंगोचे फोटो, पण पक्षी बघायला गर्दी व्हायला लागली ती आत्ताआत्ता, त्याआधी शेकडो वर्षं ही खाडी पोटापाण्याचीच होती. शिलाहार राजांच्या काळात ठाणं चांगलं नावाजलेलं बंदर, पुढे पोर्तुगीज आले, १७३७ ला मराठ्यांनी घेतलं, १७७४ ला इंग्रजांनी. मग मोठा व्यापार मुंबई बंदराकडे गेला, १८५४ ला रेल्वे खाडी ओलांडून कल्याणला पोचली, आणि खाडीत उरले कोळी आणि मिठागरांवर राबणारे आगरी.

कोळ्यांचं सगळं गणित पाण्यावर. उधाणाला (अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) पाण्याला ओढ असते तेव्हा बोकशी, म्हणजे पिशवीसारखं जाळं लावायचं, भांगाला (मधल्या दिवसांतल्या छोट्या भरतीला) पाणी सुस्त म्हणून जाळी शिवत बसायचं, आणि ओहोटीला बायका गुडघाभर चिखलात उतरून निवट्या, चिंबोऱ्या, कालवं काढणार. तिवरांच्या (खारफुटीच्या) मुळांत कोलंबीची, जिताड्याची पिल्लं वाढतात, त्यामुळे तिवरं गेली की मासळी पण गेलीच समजा.

आता खाडीची एक अडचण आहे, ती तोंडाशी रुंद आणि ठाण्याकडे चिंचोळी होत जाते, वर उल्हास नदीला जोडलेली आहे पण ती वाट अगदीच अरुंद, त्यामुळे आत आलेली घाण पटकन बाहेर जातच नाही. आणि आपण काय केलं, तर १९५० च्या दशकात ट्रॉम्बेला रिफायनऱ्या, ६० च्या दशकात पलीकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यात केमिकल कारखाने, १९७३ ला वाशीचा पूल, मग अख्खी नवी मुंबई, आणि दोन्ही काठांचं सांडपाणी खाडीत. गाळ वाढला, मासळी घटली.

गंमत बघा, साधारण ९० च्या दशकात शिवडीला फ्लेमिंगो मोठ्या संख्येने दिसायला लागले, आणि बऱ्याच अभ्यासकांच्या मते त्यांना इथे भरपूर शेवाळ मिळतं त्यात या सांडपाण्याचा पण हात आहे. म्हणजे ज्याने कोळ्याचं जाळं रिकामं केलं त्यानेच पाहुण्यांचं ताट वाढलं!

२०१५ ला फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ ला रामसरचा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, चांगलंच आहे, निदान तिवरांवर भराव टाकताना कुणीतरी विचारेल. पण कोळ्यांच्या नुकसानीसाठी मात्र कोर्टात जावं लागलं, वाशीच्या तिसऱ्या पुलाच्या केसमध्ये २०२१ ला हायकोर्टाने सरकारला भरपाईचं धोरण करायला सांगितलं.