गादीखालची फळी

होडीचं सीट उसवायला घेतलं की आधी रेक्झिन निघतं, मग फोम, आणि तळाला प्लायची फळी. कडा काळ्या पडलेल्या, थरांचे पापुद्रे सुटलेले, पिनांभोवती गंजाचे डाग. बोटाने दाबलं की ओला भुसा हाताला लागतो. दुरुस्तीत सगळा जीव कापडाच्या रंगात आणि फोमच्या जाडीत अडकतो, फळी मात्र हाताशी असेल ती मारली जाते. तिथेच काम फुकट जातं. ही फळी इतकी का सडते, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

लाकूड नुसत्या पाण्याने सडत नाही, बुरशीने सडतं. बुरशीला लाकडात साधारण २० टक्क्यांच्या वर ओल, हवा आणि ऊब लागते. मिठामुळे ती आवरते, म्हणून १९व्या शतकात अमेरिकेतले जहाज बांधणारे सांगाड्याच्या फटींमध्ये मीठ ठासून भरत. खरं नुकसान करतं ते पावसाचं गोडं पाणी. ब्रिटिश आरमाराचं ‘क्वीन शार्लट’ हे जहाज १८१० साली पाण्यात उतरलं आणि मोहिमेवर निघण्याआधीच कुजलं. त्याउलट मुंबईच्या गोदीत वाडिया या जहाज बांधणाऱ्या घराण्याने १८१७ साली बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे. ती मलबारी सागवानाची आहे.

त्या काळी होडीत बसायला उघडी फळी असे. गादी घातलीच तर सुटी, बहुधा सावरीच्या कापसाची. या कापसाच्या तंतूवर मेणासारखा थर असतो, त्यामुळे तो पाणी धरत नाही; जीवरक्षक जाकिटांतही तोच भरत. गादी उचलून उन्हात टाकली की खालची फळीही वाळायची.

ही सोय विसाव्या शतकात गेली. मऊ व्हिनाइल, म्हणजे आजच्या रेक्झिनवरचं प्लास्टिक, १९२६ साली वाल्डो सेमन यांनी तयार केलं. पॉलियुरेथेनचा शोध १९३७ साली ओटो बायर यांनी लावला आणि १९५०च्या दशकात त्याचा मऊ फोम बाजारात आला. फोम फळीवर ठेवायचा, वरून व्हिनाइल ताणायचं आणि मागून पिना मारायच्या, ही पद्धत तेव्हापासून रुळली. शिवणीतून आणि पिनांच्या भोकांतून पाणी आत जातं, फोम ते धरून ठेवतो आणि फळीवर ओलं फडकं कायमचं बसतं. त्यातच रे ग्रीन यांनी १९४२ साली फायबरग्लासची होडी बनवली आणि पुढच्या दशकांत होडीचं अंग सडायचंच थांबलं. सड संपली नाही, ती आत सरकली: सीटमध्ये, जिथे ती दिसत नाही.

प्लायवूडचं म्हणाल तर सुरुवातीचा प्लाय दुधातल्या केसीनने किंवा जनावरांच्या रक्ताने चिकटवत. पाणी लागलं की थर सुटत. १९३४ साली अमेरिकेतल्या हार्बर प्लायवूड कंपनीत जेम्स नेविन या रसायनतज्ज्ञाने जलरोधक चिकटद्रव्य बनवलं. दुसऱ्या महायुद्धात सैनिक किनाऱ्यावर उतरवणाऱ्या हिगिन्स होड्या प्लायच्याच होत्या. पण इथे एक गैरसमज पक्का बसला. ‘मरीन’ म्हणजे न सडणारा नव्हे. उकळत्या पाण्यात ज्याचं चिकटद्रव्य सुटत नाही तो. परदेशात मरीन प्लाय म्हणून सर्रास विकला जाणारा ओकुमे हे मुळात फार न टिकणारं लाकूड आहे. आपल्याकडच्या आयएस ७१० या मरीन प्लायच्या भारतीय मानकामध्ये ७२ तास उकळण्याच्या चाचणीबरोबर लाकडावर संरक्षक औषधाची प्रक्रियाही सक्तीची आहे. दुकानात नुसतं ‘वॉटरप्रूफ’ ऐकून समाधान मानू नका, फळीवरचा ‘आयएस ७१०’ हा आकडा बघाच.

या औषधांच्या इतिहासात एक भारतीय नाव आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसन यांनी १९३३ साली तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं असं मिश्रण शोधलं की ते लाकडात शिरून पक्कं बसतं, धुऊन जात नाही. जगभरचे विजेचे खांब आणि बोटींचे धक्के त्यावर टिकले. आर्सेनिकच्या धास्तीने अमेरिकेत २००३ अखेर त्याचा घरगुती वापर थांबला आणि तांबं जास्त असलेली औषधं आली. ती सडीला रोखतात, पण साध्या पिना लवकर गंजवतात आणि ॲल्युमिनियमलाही खातात. ॲल्युमिनियमच्या चौकटीवर असा प्लाय थेट ठेवणं म्हणजे एक दुखणं घालवून दुसरं आणणं.

मग प्लास्टिक आलं. कार्ल झीग्लर यांच्या १९५३च्या शोधातून निघालेलं एचडीपीई, म्हणजे जास्त घनतेचं पॉलिथिन, बुरशी खाऊच शकत नाही. पण ते उन्हात बरंच प्रसरण पावतं, त्याला कुठलाच गोंद नीट धरत नाही आणि साधी पिन गन त्यात पिन पुरती बसवू शकत नाही. आपल्याकडे स्वयंपाकघरांसाठी मिळणारा पीव्हीसी फोम बोर्ड पिन घेतो, वजनाला हलका असतो, मात्र हलक्या घनतेचा घेतला तर माणसाच्या भाराने वाकतो. बसायच्या जागी जाड आणि घट्ट बोर्ड, खाली आडव्या पट्ट्यांचा आधार. पाठीला पातळ चालतो.

प्लायच घ्यायचा असेल तर कापलेल्या कडा आणि भोकं इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या रेझिनने बंद करावीत, कारण पाणी शिरतं ते कडेतून. तळाला हवेसाठी भोकं ठेवावीत. आणि पिना स्टेनलेसच्या, खाऱ्या पाण्यावर, गंज जास्त सोसणाऱ्या ३१६ ग्रेडच्या.