दुखतं कुठं, बिघडलंय कुठं

डिसेंबर-जानेवारीत सोलापूरच्या शिवारात हुरड्याच्या आगट्या पेटतात, गड्ड्याच्या यात्रेत धूळ उडते, आणि दातांच्या दवाखान्यात एका ठरावीक तक्रारीचे लोक वाढतात. "वरच्या दाढा ठणकतात." कोणती म्हणून विचारलं तर बोट एका दाढेवर थांबत नाही, मागून पुढं सरकत राहतं. आरशाच्या दांडीनं एकेक दाढ हलकेच ठोकून पाहिली तर ओळीनं तीन-चार दाढा सारख्याच दुखऱ्या निघतात, आणि किडलेली त्यात एकही नसते. मग मी त्यांना उभं राहून खाली वाकायला सांगते. वाकल्याबरोबर गालात कळ भरते, तोंडावर हात जातो. थोडं विचारलं की आठ-दहा दिवसांपूर्वीची सर्दी निघते.

दाढांना काहीही झालेलं नसतं. सुजलेला असतो त्यांच्या वरचा सायनस. वरच्या जबड्याच्या हाडात, दोन्ही गालांच्या मागं, एकेक पोकळी असते. मोठ्या माणसात तिच्यात साधारण १५ मिलिलिटर हवा मावते. तिचं तोंड नाकात उघडतं, पण ते उघडतं वरच्या बाजूला, जवळजवळ छतापाशी. म्हणजे आपण ताठ उभे असलो की साचलेला शेंबूड आपसूक वाहून जात नाही. आणि या पोकळीच्या तळाशी दाढांची मुळं असतात. काहींच्यात मुळाचं टोक आणि सायनस यांच्यात हाडाचा अगदी पातळ पापुद्रा असतो, काहींच्यात तोही नसतो, नुसतं अस्तर.

पण जवळ असणं एवढंच कारण नाही. दाढेची कळ आणि सायनसची कळ मेंदूकडं नेणारा मज्जातंतू एकच आहे. त्याचं नाव मॅक्सिलरी नर्व्ह. त्याची वाट एकदा डोळ्यांपुढं आली की चेहऱ्याची कितीतरी दुखणी उलगडतात. माझ्या मते ही वाट दातांच्या डॉक्टरांपुरती ठेवण्यासारखी नाही, कारण ती माहीत नसल्यानं चांगल्या दाढा निघतात.

मेंदूपासून बारा जोड्या मज्जातंतू कवटीतून बाहेर पडतात. त्यातली पाचवी जोडी सगळ्यांत जाड, ट्रायजेमिनल. चेहऱ्याची संवेदना मुख्यतः हिच्याकडं. डाव्या बाजूची डावीकडं, उजवीची उजवीकडं, म्हणून दाताची कळ कपाळात, कानात, खालच्या जबड्यात जाईल, पण मधली रेघ ओलांडून दुसऱ्या बाजूला सहसा जात नाही. कानाच्या पुढं, कवटीच्या आत, हाडावरच्या एका खळग्यात या मज्जातंतूची गाठ बसलेली असते. व्हिएन्नात शिकवणारे गॅसर यांचं नाव तिला त्यांचा विद्यार्थी अँटोन हिर्श यानं १७६५ मध्ये दिलं, आणि आजही जुन्या पद्धतीचे शिक्षक तिला गॅसेरियन गाठ म्हणतात.

गाठीतून तीन फाटे निघतात. वरचा फाटा डोळा, कपाळ आणि शेंड्यापर्यंत नाकाचा कणा घेतो. खालच्याकडं खालचा जबडा, हनुवटी आणि जिभेच्या पुढच्या भागाचा स्पर्श. मधला आपला मॅक्सिलरी: खालची पापणी, गाल, नाकपुडीची बाजू, वरचा ओठ, वरचे सगळे दात, त्यांच्या हिरड्या, टाळू, नाकाच्या आतला बराचसा भाग आणि गालामागचा सायनस. तो एकही स्नायू हलवत नाही. त्याचं काम फक्त कळवायचं.

नाकाचा शेंडा एकाकडं आणि नाकपुडीची बाजू दुसऱ्याकडं, ही वाटणी विचित्र वाटते. तिचं मूळ गर्भात आहे. चौथ्या-पाचव्या आठवड्यात चेहरा वेगवेगळ्या उंचवट्यांचा बनलेला असतो. कपाळाकडून एक खाली येतो, दोन्ही बाजूंनी वरच्या जबड्याचे दोन मध्याकडं सरकतात, आणि पुढच्या काही आठवड्यांत ते एकमेकांत मिसळतात. हे मिसळणं अर्धवट राहिलं तर बाळ दुभंगलेल्या ओठानं जन्मतं. मिसळल्यावर बाहेरून सांधा दिसत नाही, पण वरच्या जबड्याच्या उंचवट्याबरोबर आलेला मज्जातंतू तो भाग साधारण तसाच धरून ठेवतो.

आता वाट. गाठीतून निघून मॅक्सिलरी नर्व्ह कवटीच्या तळातल्या फोरामेन रोटंडम नावाच्या गोल छिद्रातून बाहेर येते आणि वरच्या जबड्याच्या मागं असलेल्या टेरिगोपॅलाटाइन फॉसा नावाच्या अरुंद खळग्यात उतरते. जागा बोटाच्या पेराएवढीही नाही, पण इथंच तिचे सगळ्यांत जास्त फाटे फुटतात. काही नाकाच्या मागच्या भागात जातात, काही टाळूवर उतरतात. एक गालाच्या हाडाकडं वळतो आणि गालफड व कानशिलाच्या कातडीवर संपतो. एक जबड्याच्या मागून हाडात शिरून दाढांना जातो. उरलेला मुख्य तंतू डोळ्याच्या खोबणीच्या तळात शिरतो.

हा तळ समजून घ्यायला हवा. डोळ्याच्या बाजूनं पाहिलं तर तो खोबणीची जमीन, आणि सायनसच्या बाजूनं पाहिलं तर त्याचं छत. मध्ये हाड एकच, बऱ्याच ठिकाणी एक मिलिमीटरपेक्षाही पातळ. घर बांधताना स्लॅबच्या आतून वायरची पाइप टाकतात, तशी ही नर्व्ह त्या हाडाच्या आतून पुढं सरकते. वरच्या मजल्यावर डोळा, खालच्यावर सायनस. पाइपमधूनच ती खाली दोन बारीक फाटे सोडते, एक उपदाढांसाठी आणि एक सुळा व पटाशीच्या दातांसाठी. दाढांकडचा फाटा आणि हे दोन मुळांच्या वर एकमेकांत जाळं विणतात. मधला, उपदाढांचा फाटा अनेकांच्यात वेगळा सापडतच नाही, शेजारचे दोघं त्याचं काम उचलतात. हे दातांचे फाटे सायनसच्या भिंतीतून जाताना तिच्या अस्तरालाही तंतू देतात. आठ-दहा दिवसांच्या सर्दीत दाढा का ठणकतात याचं उत्तर इथं आहे: सायनसचं अस्तर सुजतं, आणि मेंदूला बातमी पोचते ती दाढांच्या नावानं.

पुढं ती गालावर बाहेर येते. जागा तुम्ही स्वतः शोधू शकता. सरळ समोर पाहा, डोळ्याच्या खालच्या हाडाची कडा बोटानं धरा, बुबुळाच्या रेषेत साधारण एक सेंटिमीटर खाली या आणि टोकानं दाबा. एका बारीक जागी इतर ठिकाणांपेक्षा वेगळी, जरा विचित्र कळ येते. ते इन्फ्राऑर्बिटल छिद्र. सुक्या कवटीवर त्या छिद्रातून बारीक तार आत सारली तर ती डोळ्याच्या खोबणीच्या तळाशी निघते. वाट पुस्तकात वाचून जेवढी कळत नाही तेवढी त्या तारेनं कळते. कवटीतून निघताना मॅक्सिलरी असलेलं नाव इथं इन्फ्राऑर्बिटल होतं, तंतू तोच. छिद्राबाहेर त्याचे खालच्या पापणीकडं, नाकपुडीकडं आणि वरच्या ओठाकडं असे पसरत जाणारे फाटे होतात.

ही जागा आपल्या जिल्ह्यात एका वाईट कारणानं वारंवार भेटते. उसाचा हंगाम सुरू झाला की रात्री रस्त्यावर ट्रॉल्या असतात, मागं रिफ्लेक्टर नसतो, आणि हेल्मेट घरी खुंटीला. दुचाकीवरून पडून गालाचं हाड मोडतं तेव्हा मोड बहुतेकदा या छिद्रातून किंवा त्या पाइपमधून जातो. सूज इतकी असते की हाड बसलंय का हे बोटाला कळत नाही. त्या वेळी एक साधा प्रश्न फार कामाचा ठरतो: वरचा ओठ आणि त्या बाजूचे पुढचे दात बधिर वाटतात का? हो म्हटलं तर हाड तुटल्याची शंका पक्की धरून सीटी स्कॅन करायचा. एक वस्तू दोन दिसत असेल तर खोबणीचा तळ फुटून डोळा हलवणारा स्नायू त्यात अडकलेला असू शकतो, आणि तिथं वेळ घालवून चालत नाही. नर्व्ह नुसती चेपली असेल तर बधिरपणा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतो. मुंग्या येऊ लागल्या की लोक घाबरतात. बहुतेक वेळा ती परतीची खूण असते.

वरच्या दातांना इंजेक्शन देणं सोपं का, तेही या रचनेमुळंच. वरच्या जबड्याचं बाहेरचं हाड सच्छिद्र असतं. हिरडीत मुळाच्या टोकापाशी औषध सोडलं की ते झिरपून आतल्या फाट्यापर्यंत पोचतं. खालच्या दाढांपाशी हाड घट्ट, म्हणून तिथं मागं जाऊन मुख्य मज्जातंतूच गाठावा लागतो. टाळूवरचं इंजेक्शन मात्र सगळ्यांत जास्त दुखतं, कारण तिथलं कातडं हाडाला घट्ट चिकटलेलं असतं, औषधाला फुगायला जागा नसते. दाढ काढताना टाळूकडची बाजू वेगळ्या फाट्याची असल्यानं ते टाळताही येत नाही.

नाकातल्या फाट्यांची ओळख सोलापूरकराला वेगळी करून द्यायला नको. उन्हाळ्यात काळ्या तिखटाची तयारी सुरू होते, डंकावर मिरच्या पडतात, आणि शेजारच्या दुकानात उभा असलेला माणूसही शिंकतो. ही झोंबणारी संवेदना वास नव्हे. वासाचा मज्जातंतू वेगळा, पहिला. म्हणून सर्दीनं किंवा आजारानं वास गेलेल्या माणसालाही तिखटाची पूड झोंबते. मिरचीतलं कॅप्सेसिन नाकाच्या अस्तरातल्या ज्या टोकांना भिडतं तीच टोकं चटक्याची उष्णताही ओळखतात. त्या टोकांवरच्या ज्या रिसेप्टरमुळं, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनामुळं, हे होतं तो डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेनं १९९७ मध्ये शोधला, आणि २०२१ चं नोबेल त्यांना आर्डेम पटापूटियन यांच्यासोबत मिळालं. बातमी मॅक्सिलरी आणि तिच्या वरच्या भावंडाच्या फाट्यांतून मेंदूच्या बुडाशी जाते, तिथून शिंकेचा हुकूम सुटतो आणि डोळ्यांना पाणी येतं. पाण्याचा हुकूम आणणारे तंतू मुळात सातव्या, म्हणजे चेहऱ्याचे स्नायू हलवणाऱ्या, मज्जातंतूचे, पण मॅक्सिलरीला लटकलेल्या एका छोट्या गाठीत ते बदली घेतात आणि गालफडाकडं जाणाऱ्या फाट्याच्या सोबतीनं अश्रुग्रंथीपर्यंत पोचतात.

पाचवा आणि सातवा यांच्यातला फरक कळायला वैद्यकाला बराच वेळ लागला. लंडनच्या चार्ल्स बेल यांनी १८२१ मध्ये यावरचा शोधनिबंध रॉयल सोसायटीपुढं ठेवला. त्याआधी चेहऱ्याच्या असह्य दुखण्यावर सातवा मज्जातंतूही कापला जाई. दुखणं तसंच राहायचं आणि चेहरा मात्र वाकडा व्हायचा. बेल यांनी एका गाढवाची इन्फ्राऑर्बिटल नर्व्ह कापली. स्पर्श गेला हे त्यांनी टिपलं, पण गाढवाला ओठानं दाणे उचलता येईनात हे पाहून हा मज्जातंतू खाताना ओठ हलवतो असाही अर्थ काढला. पुढच्याच वर्षी हर्बर्ट मेयो यांनी तो खोडून काढला. ओठ हलत होताच. दाणा ओठाला लागलाय हेच जनावराला कळत नव्हतं. इंजेक्शननंतर चूळ भरताना पाणी ओठातून सांडतं त्याचं मुख्य कारण हेच.

या नर्व्हचं सगळ्यांत क्रूर दुखणं म्हणजे ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. माझ्याकडं विडी वळणाऱ्या एक बाई आल्या होत्या, पन्नाशी ओलांडलेल्या. बोलताना ओठ जेमतेम उघडत होत्या. नाकपुडीच्या बाजूला पदर लागला तरी गालातून वरच्या दाढेपर्यंत विजेचा झटका बसायचा, काही सेकंदांत जायचा, मध्ये काहीच नाही. पंख्याच्या वाऱ्यानं यायचा म्हणून त्या उकाड्यातही पंखा बंद ठेवत. त्या बाजूच्या दाढा आधीच काढलेल्या, दुखणं जिथल्या तिथं. "डॉक्टर, राहिलेली तेवढी पण काढून टाका की वो," त्या म्हणाल्या. मी ती काढली नाही, त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडं पाठवलं.

या दुखण्यात बिघाड दाढेत नसतो, गालातही नसतो. बहुतेकदा मेंदूच्या बुडाशी, पाचवा मज्जातंतू शिरतो तिथंच, एखादी धमनी त्याच्यावर टेकलेली असते. तिच्या ठोक्यांनी तंतूंवरचं आवरण झिजतं आणि साध्या स्पर्शाचा संदेश शेजारच्या वेदनेच्या तंतूत उडी मारतो. म्हणून पहिलं औषध दुखण्याच्या गोळीचं नसतं, फिट्सचं असतं: कार्बामाझेपिन. ते मज्जातंतूतल्या सोडियमच्या वाटा आवरतं. दात काढताना दिलं जाणारं लिग्नोकेनही त्याच वाटा बंद करतं, फक्त एका जागी आणि थोड्या वेळापुरतं. कार्बामाझेपिन डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं, अंगावर पुरळ आलं तर लगेच दाखवायचं, आणि बरं वाटतंय म्हणून मनानं थांबवायचं नाही. औषध पुरेनासं झालं तर एमआरआय करून ती धमनी बाजूला सारायची शस्त्रक्रियाही होते.

झटके मिटवता येतात, दाढ वाचवता येते. मला जास्त काळजी वाटते ती दुखण्याच्या उलट तक्रारीची, आणि ती घेऊन लोक येतच नाहीत. मिश्री, तंबाखू, गुटखा यांच्या सवयीच्या माणसाचा गाल किंवा वरचा ओठ कुठलाही मार न लागता बधिर होतो, एका बाजूनं नाक चोंदतं, त्यातून रक्ताचा अंश येतो, वरच्या दाढा किडल्याशिवाय हलू लागतात, कवळी अचानक बसेनाशी होते. दुखत नाही म्हणून महिने जातात. सायनसमधली किंवा टाळूवरची गाठ स्लॅबमधल्या त्या तंतूला वेढू लागल्याची ही लक्षणं असू शकतात, आणि तंबाखू न खाणाऱ्यांतही दिसू शकतात. अशा वेळी दाढ काढून घेण्याआधी तोंड, नाक आणि सायनस यांची तपासणी व स्कॅन करून घ्या. सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात हे होतं.