तिथी, वर्गणी आणि पखवाजाची पुडी : सीमाभागातले कार्यक्रम पुन्हा कसे उभे राहिले

मे २०२२ मध्ये बेळगावात शिवजयंतीचे चित्ररथ पुन्हा रस्त्यावर आले. आधीची दोन वर्षे ते नव्हते. बेळगावची शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेची. २०२० मध्ये ही तिथी २५ एप्रिलला आली, २०२१ मध्ये १३ मेला, आणि दोन्ही वेळा लॉकडाऊन होता. २०२१ च्या गणेशोत्सवाला कर्नाटक सरकारने पाच दिवसांची मर्यादा घालून परवानगी दिली, पण मिरवणूक आणि सांस्कृतिक कार्यक्रम त्यातून वगळले. म्हणजे मूर्ती बसली, मंडप मुका राहिला.

बंदी उठल्यावर चित्ररथ, पारायण, भजन आणि जत्रेतले नाटक यांची घडी लवकर बसणे साहजिक होते. या भागात कलेला दोन वेगळे पोशिंदे आहेत. एक तिकीट, दुसरी वर्गणी. तिकिटाच्या नाटकाला प्रेक्षक किती येतील याचा अंदाज बांधावा लागतो, रंगमंदिराचे भाडे आगाऊ भरावे लागते. वर्गणीच्या कार्यक्रमाची तारीख पंचांगात असते आणि प्रेक्षक गल्लीतच राहतात. दोन वर्षांनी का होईना, तिथी आली की मंडळ पावतीपुस्तक काढते.

तिकिटाची परंपरा इथे काही लहान नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केले, त्यामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांची प्रेरणा होती. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर त्याच वर्षी जन्मले, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला. पुढे ते बेळगावात शिक्षक होते आणि पुढे नाटककार झालेले गोविंद बल्लाळ देवल त्यांचे विद्यार्थी. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला म्हणून श्रेय पुण्याला जाते, पण त्याची तालीम, एका अर्थाने, बेळगावच्या शाळेपासून सुरू होती. मिरज-बेळगाव-लोंढा रेल्वे झाल्यावर पडदे आणि पेटारे घेऊन फिरणाऱ्या कंपन्यांना बेळगाव, हुबळी, धारवाड एकाच दौऱ्यात घेता येऊ लागले.

या दौऱ्यांना भाषेची भिंत नव्हती. मल्लिकार्जुन मन्सूर लहानपणी कन्नड नाटक कंपनीत गायले, आणि पुढे हिंदुस्थानी गाणे शिकले ते मिरजेच्या नीलकंठबुवांकडे. सौंदत्ती तालुक्यातले एणगी बाळप्पा कन्नड रंगभूमीचे गायक-नट झाले. ‘श्रीकृष्ण पारिजात’ हा कन्नड लोकनाट्याचा खेळ गोकाक भागात वाढला. कौजलगी निंगम्मांनी तो गाजवला. सुळेभावीत १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले. त्याच वर्षी बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनात गंगूबाई हनगल या अकरा-बारा वर्षांच्या मुलीने गांधीजींसमोर स्वागतगीत गायले. १९५६ नंतर राज्याची रेघ ओढली गेली, पण गाण्याच्या घराण्यांनी ती मनावर घेतली नाही.

वर्गणीची परंपरा त्यामानाने अलीकडची आणि जास्त चिवट. बेळगावच्या झेंडा चौकातला सार्वजनिक गणपती १९०५ चा, लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराचा. शिवजयंतीचा सार्वजनिक उत्सव १९१९ पासूनचा. सीमाप्रश्न पेटल्यावर या उत्सवांना आणखी एक काम आले: मराठी कानावर पडत राहील अशी जागा टिकवणे. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी इथली ग्रामीण साहित्य संमेलने त्याच गरजेतून उभी राहिली. सकाळी ग्रंथदिंडी, मग भाषणे, दुपारी कथाकथन, शेवटी कविसंमेलन किंवा नाटक, आणि सगळे गावाच्या वर्गणीवर. २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन बेळगावात भरले, अध्यक्ष होत्या गायिका-अभिनेत्री फैयाज. मोठी संमेलने अशी अधूनमधून येऊन जातात. दरवर्षीचा भार ग्रामीण संमेलनेच उचलतात.

कोविडच्या काळात सीमा मात्र अचानक खरी झाली. निपाणीजवळ कोगनोळी नाक्यावर २०२१ मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडून आरटीपीसीआर अहवाल मागितला जाई. चंदगडकडून येणाऱ्यांना बाची-शिनोळीजवळ हीच अडचण. बेळगाव तालुक्यातल्या पारायणाला कीर्तनकार गडहिंग्लजचा, पखवाजी चंदगडचा आणि पेटीवाला गावचा अशी जुळणी नेहमीची. एकाला नाक्यावर अडवले की कीर्तन होत नाही. कीर्तनाला पखवाजाशिवाय उभे राहणारा कीर्तनकार विरळाच.

माणसे थांबली तशी वाद्येही देवळाच्या कपाटात पडून राहिली, आणि पुन्हा सुरुवात करताना खरा खर्च तिथे निघाला. पखवाजाच्या डाव्या तोंडावर, म्हणजे धुम्यावर, वाजवण्याआधी ओली कणीक थापतात. कार्यक्रम संपला की ती खरवडून पुडी, म्हणजे तोंडावरचे ताणलेले कातडे, ओल्या फडक्याने पुसून कोरडी करायची असते. मार्च २०२० मध्ये अनेक गावांत सप्ताह तोंडावर होते. तालमीनंतर घाईने झाकून ठेवलेल्या पखवाजावरची कणीक वाळली की कातडे ओढते आणि त्याला चीर जाते. त्याहून मोठे संकट उंदीर-झुरळांचे. ते कणकेसाठी येतात आणि कातड्यासकट खाऊन जातात. उजव्या तोंडावरच्या शाईला, म्हणजे मधल्या काळ्या थराला, दमटपणाने तडे जातात, मग खपल्या सुटतात आणि ‘ता’ हा बोल नीट उमटत नाही, नुसता थडथडतो. अशी शाई घरी चिकटवता येत नाही, पुडीच नवी घालावी लागते.

पखवाज शाबूत दिसला तरी लगेच सुरात चढवू नये. दोन पावसाळे ढिली राहिलेली वादी, म्हणजे पुडी ताणून धरणारी चामड्याची पट्टी, एकदम ताणली की पुडीच्या गजऱ्यापाशी, म्हणजे काठाच्या वेणीपाशी, तुटते. आधी दोन-तीन दिवस उघड्या हवेत, उन्हात नव्हे, ठेवायचा. मग वाद्या हाताने ओढून सैलपणा काढायचा, वाद्यांखालचे लाकडी गट्टे मधोमध आणायचे आणि रोज थोडे थोडे खाली ठोकत सूर चढवायचा. गजरा चारी बाजूंनी एका सुरात बोलला की काम झाले. एकाच बाजूला ठोकत राहिले तर पुडी वाकडी बसते, आणि मग कितीही ठोका, दोन सूर एकदम ऐकू येतात.

देवळाचा पखवाज महिला भजनी मंडळाने उसना घेतला की आणखी एक घोटाळा होतो. पट्टी पेटीच्या काळ्या पट्ट्यांवरून सांगतात: पुरुषांचे भजन साधारण काळी एक-दोनमध्ये चालते, बायकांचा आवाज काळी चार-पाचकडे मोकळा होतो. काळी एकच्या रुंद तोंडाची पुडी तिथपर्यंत चढवली की ती फाटते, नाहीतर बायकांना खालच्या पट्टीत दबून गावे लागते. महिला मंडळाला लहान तोंडाचे वेगळे वाद्य हवेच. वर्गणीच्या बैठकीत हा खर्च चैन म्हणून बाजूला पडतो, तो पडू देऊ नये.

पेटीची तपासणी सोपी आहे. सगळे खटके बंद करून भाता भरायचा आणि हात काढायचा. भरलेला भाता लगेच बसला तर हवा गळते आहे. बहुधा चामड्याच्या घड्या कडक होऊन चिरलेल्या असतात. एखादी पट्टी न दाबताच वाजत राहिली तर लाकूड फुगले आहे किंवा तिच्याखालचा नमदा, म्हणजे जाड लोकरी कापड, कसरीने खाल्ला आहे. पट्टी दाबूनही सूर येत नसेल तर पितळी जिभेखाली धूळ अडकलेली असते. पातळ कागद जिभेखालून अलगद सरकवला की ती मोकळी होते. कानशीला मात्र जाणकारानेच हात लावावा. जिभेचे टोक घासले की सूर चढतो, मूळ घासले की उतरतो, आणि जास्त घासलेले पितळ परत येत नाही.

हलगीचे तसे नाही. लोखंडी कड्यावर ताणलेले शेळीचे कातडे गवताच्या जाळावर शेकले की पाच मिनिटांत बोलू लागते, आणि गार झाले की पुन्हा शेकायचे. म्हणूनच हलगी, घुमके, कैताळ या वाद्यांचा ताफा मोठ्या तयारीशिवाय मिरवणुकीत उतरू शकतो. ढोल-ताशाची अडचण पावसाची आहे. गणेशोत्सव ऐन दमट हवेत येतो, खानापूरच्या बाजूला तर पाऊस सरता सरत नाही, आणि ढोलाच्या तोंडावरचे कातडी पान तासाभरात लोळते. प्लास्टिकच्या पानाचा आवाज कोरडा आहे, तरी भाद्रपदात त्याला पर्याय नाही. शिवजयंतीच्या उन्हाळ्यात तोच कोरडा आवाज ऐकवणे हा निव्वळ आळस.

चित्ररथाचे शास्त्र याहून वेगळे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा तळ जमिनीपासून साडेतीन-चार फूट असतो, त्यावर माणूस उभा राहिला की दहा फूट होतात. सिंहासनावर चढलेला नट, त्यावर छत्री, त्यावर भगवा म्हणता म्हणता जुन्या गल्ल्यांमधल्या विजेच्या तारा जवळ येतात. म्हणून उंच भाग बिजागरीवर पाडता येईल असा करतात आणि एक माणूस फक्त तारांकडे बघायला नेमतात. दोनचाकी ट्रॉलीत वजनाचा तोल आणखी महत्त्वाचा. प्रसंगाच्या भरात सगळे मावळे मागच्या कडेला गेले की पुढची दांडी वर उचलते. चढाईचा प्रसंग असेल तर मागच्या बाजूला टेकू लागतो, नाहीतर नटांना आखून दिलेल्या जागा सोडायच्या नाहीत हे तालमीतच बजावावे लागते.

देखाव्याला ‘सजीव’ म्हणतात, पण बहुतेकांचे संवाद आधी ध्वनिमुद्रित केलेले असतात आणि नट त्यावर ओठ हलवतात. हे खटकते खरे. मिरवणुकीत पुढे डॉल्बी आणि मागे झांज पथक असताना उघड्या माईकवर संवाद म्हणणे अशक्य आहे: माईक शेजारचाच आवाज उचलतो आणि शिट्टी मारतो. प्रसंग पाच-सात मिनिटांचा ठेवतात, कारण चौकात त्याहून जास्त वेळ पोलीस थांबू देत नाहीत. रात्रीत तोच प्रसंग अनेकदा करायचा, त्यामुळे अफजलखानाची दाढी घामाने सुटणारच. डिंक आणि रुमाल ट्रॉलीवर हाताशी हवा. पोशाखांची खरी टंचाई त्याच रात्री, कारण शहरातल्या आणि उपनगरांतल्या सगळ्या मंडळांना मावळेच हवे असतात. दोन वर्षे पेटीत राहिलेल्या भाड्याच्या अंगरख्यांना कसर लागते, ती पोशाख अंगावर चढेपर्यंत दिसत नाही.

खुल्या जागेवरचे गाणे आता दहाच्या आत बसवावे लागते. २००० च्या ध्वनी नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकारला वर्षात पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देता येते. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, जी एक उत्साही झांज पथक सहज ओलांडते. जत्रेतले गावकरी नाटक पूर्वी जेवणानंतर, दहा-अकराला सुरू होऊन उजाडेपर्यंत चाले. दहाला ध्वनिक्षेपक बंद म्हणजे तीन अंकी नाटक सातला सुरू करणे, आणि सातला गावात गुरांची धार निघत असते. यावर दोन तोडगे दिसतात: नाटक दोन अंकांत कापणे, किंवा गावाच्या सभागृहात बंद दाराआड करणे. दुसरा बरा, कारण नियम बंदिस्त सभागृहाला रात्रीच्या बंदीतून वगळतो. पत्र्याच्या छताखाली आवाज घुमतो, तो मागच्या भिंतीला गोधड्या किंवा सतरंज्या टांगल्या की बराच कमी होतो. परवानगीचा अर्ज पोलीस ठाण्यात आणि तात्पुरत्या वीजजोडणीचा हेस्कॉम या वीज कंपनीकडे, दोन्ही आठवडाभर आधी गेलेले बरे. पखवाजीला मात्र त्याच्याही आधी, तिथी ठरल्याच्या दिवशीच सांगावे लागते, कारण चैत्रात तोच एक माणूस तीन-चार गावांना हवा असतो.